स्टँडअपचा दौरा: तारखा, घसा आणि शो संपल्यानंतरची रात्र

दौऱ्यावरच्या कॉमेडियनची तब्येत स्टेजवर क्वचितच बिघडते. ती बिघडते तारखा देताना. शुक्रवारी नागपूर, शनिवारी कोल्हापूर, रविवारी नाशिक हा दौरा कागदावर तीन शोंचा दिसतो, पण त्यातल्या दोन्ही रात्री गाडीत जातात. रविवारी प्रेक्षकांसमोर उभा राहतो तो जांभया दाबणारा माणूस. म्हणून फोनवर ‘हो’ म्हणण्याआधी नकाशा बघायचा.

एका वीकेंडला एकच पट्टा धरा. पुणे–सातारा–कोल्हापूर–सांगली हा एक, वर्धा–नागपूर–अमरावती–अकोला हा दुसरा, नाशिक–संभाजीनगर–जालना हा तिसरा. सलग तीन शो झाले की चौथा दिवस रिकामा ठेवा, आणि रिकामा म्हणजे प्रवासही नको. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे लांबच्या शोची तारीख त्याच्या आधी पक्की झालेली बरी. मुंबईहून नागपूरला विदर्भ आणि कोल्हापूरला महालक्ष्मी या रात्री झोपून जाण्याच्या गाड्या आहेत. मात्र सकाळी उतरल्यावर खोली लगेच मिळेल का, हे हॉटेलला आदल्या दिवशी विचारा. बहुतेक ठिकाणी चेक-इन दुपारी १२ नंतरचं असतं. तोवर रिसेप्शनच्या सोफ्यावर काढलेले तीन तास संध्याकाळी शोमध्ये दिसतात. खोली मागताना लिफ्टपासून लांबची मागा आणि खाली लग्नाचा हॉल आहे का तेही विचारून घ्या.

शो संपवून रात्रीच कारने निघणं टाळा. पहाटे २ ते ५ या वेळात शरीर झोप मागतंच, चहा कितीही घेतला तरी. शिवाय तुम्ही स्टेजवर असताना ड्रायव्हर पार्किंगमध्ये जागाच असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. निघणं भागच असेल तर त्याला शोच्या वेळात तीन तास आडवं व्हायला जागा आणि वेळेवर जेवण द्या. ही मागणी आयोजकाकडे मानधनाबरोबरच करायची.

आयोजकाशी बाकी जे ठरतं ते फोनवर न ठेवता व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. अर्धं मानधन आगाऊ, उरलेलं स्टेजवर जाण्याआधी. टीडीएस (मानधनातून आधीच कापला जाणारा कर) कापणार असतील तर किती, हेही आधीच. पहिली रांग स्टेजपासून फार तर दोन मीटरवर. प्रेक्षक कमी असतील तर बाल्कनी बंद करून सगळ्यांना पुढे बसवायचं, कारण हसू शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातं आणि मधल्या रिकाम्या खुर्च्यांत अडकतं. वायरचा माइक एक, जादा एक; वायरलेस असेल तर नवे सेल. कॉर्पोरेट कार्यक्रमात जेवण वाढणं शोच्या २० मिनिटं आधी थांबलं पाहिजे. यात नखरे काहीच नाहीत. ताट-चमच्यांच्या आवाजात पडलेला शो कॉमेडियन रात्री स्वतःच्याच खात्यावर मांडतो, आणि मग त्याची झोप जाते.

घसा

शोच्या आधी ५ ते ८ मिनिटं ओठ सैल सोडून ‘भ्रर्र’ करा, मग तोंड मिटून खालच्या सुरात गुणगुणा. पाणी दिवसभर थोडंथोडं प्या. स्टेजवर जाताना गटागटा प्यायलेलं पाणी स्वरतंतूंपर्यंत त्या क्षणी पोहोचत नाही, लघवी मात्र लागते. माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा, जाळी मुठीत दाबू नका. जाळी झाकली की शिट्टी वाजते, मग साउंडवाला आवाज कमी करतो आणि तुम्ही ओरडू लागता.

घसा बसला की लोक कुजबुजत बोलतात. त्यानेही ताण पडतोच, त्यापेक्षा गप्प बसा. सारखं खाकरण्याऐवजी एक घोट पाणी गिळा. पुदिन्याच्या गोळीने थंड वाटतं, पण घसा आणखी कोरडा पडू शकतो. घशाचं खरं नुकसान बरेचदा शोनंतर होतं. तासभर माइकवर बोलायचं आणि मग मोठ्याने गाणी वाजणाऱ्या बारमध्ये दोन तास टेबलापलीकडच्याशी ओरडून गप्पा मारायच्या. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

पोट

मुख्य जेवण शोच्या अडीच-तीन तास आधी: पोळी-भाजी किंवा वरण-भात. अर्धा तास आधी एखादं केळं. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा जरूर खा, पण दुपारी. रात्री १२ ला तो खाऊन १ वाजता आडवं झालं की आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळचा बसलेला आवाज बरेचदा त्याचाच असतो. शोनंतर मुगाची खिचडी किंवा दहीभात पुरतो. आयोजक आग्रह करतीलच. तोच आग्रह दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यावर ढकला. मे महिन्यात विदर्भात जाताना ओआरएसची पाकिटं बरोबर असू द्या. नेहमीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, ग्लासभर पाण्यात टाकायचं नाही.

शोनंतरची रात्र

टाळ्या थांबल्या तरी शरीर लगेच थांबत नाही. छातीतली धडधड उतरायला वेळ लागतो. त्यातच खोलीवर एकटं असणं आणि हातात मोबाईल. हाउसफुल शोनंतरही याच वेळी एकदम रितं वाटतं. तो उतार आहे, त्यावरून आयुष्याचे निर्णय घ्यायचे नाहीत. गरम पाण्याने अंघोळ, मंद दिवा, घरच्या माणसाला दहा मिनिटं फोन. कमेंट वाचणं आणि रेकॉर्डिंग ऐकणं दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्री ९ चा शो असेल तर चहा-कॉफी दुपारी ४ नंतर बंद, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच-सहा तास घेतं. झोपेची गोळी मित्राच्या पाकिटातून घेऊ नका. दारूने डोळा लवकर लागतो, पण पहाटे जाग येते. आणि ‘जरा मोकळं वाटावं’ म्हणून शोआधी एक पेग लागू लागला, तर ते गंभीरच घ्या.

पडलेल्या शोचं रेकॉर्डिंग ऐकताना कागदावर तीन रकाने करा: साउंड आणि प्रेक्षकांची बैठक, विनोदांचा क्रम, खुद्द विनोद. जिथे हसू आलं नाही ती प्रत्येक जागा यांपैकी एका रकान्यात टाका. तिसऱ्या रकान्यात गेलेला विनोद पुढच्या दोन ओपन माइकवर (नवं मटेरियल आजमावायच्या छोट्या कार्यक्रमांत) पुन्हा तपासा, मगच काढा. घरच्या माणसांवरचा भाग मोठ्या शोमध्ये नेण्याआधी त्यांना ऐकवा. त्यांनी तो पहिल्यांदा रीलवर पाहिला तर भांडण दौऱ्याच्या मध्यात फोनवर येतं. क्लिपखालच्या शिव्या चाळायचं काम दुसऱ्या कुणाला द्या. धमकी आली तर डिलीट करू नका. तारीख, लिंक आणि स्क्रीनशॉट ठेवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

उदास वाटणं, झोप-भूक बिघडणं, आवडत्या गोष्टीतही रस नसणं हे दोन आठवडे रोज चाललं तर डॉक्टर गाठा. ‘त्यातून चांगलं मटेरियल निघेल’ म्हणून वाट बघू नका. स्वतःला संपवण्याचा विचार आला तर दोन आठवडेही थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

ताप आला, आवाज गेला किंवा मनच जागेवर नसलं तर शो रद्द करायला शिका. त्यासाठी प्रत्येक पट्ट्यात दोन बदली कॉमेडियनांशी आधीच बोलून ठेवा. आयोजकाला सकाळी ११ च्या आत कळवा, त्याच फोनवर बदलीचं नाव सांगा आणि आयोजकाला बदली नको असेल तर आगाऊ रक्कम त्याच दिवशी परत पाठवा.