गोल प्लास्टिकवरची छपाई सुटतेय? शाई बदलण्याआधी या चुका टाळा

बाटलीवरची छपाई नखाने खरवडली की निघते, माल परत येतो आणि खापर शाईवर फुटतं. मग दुसऱ्या कंपनीचा डबा आणला जातो, नंतर तिसऱ्या. खरं तर शाई बहुतेक वेळा बरी असते. बिघाड असतो तिच्या खालच्या प्लास्टिकमध्ये, नाहीतर गोलाईचा हिशोब न करता काढलेल्या डिझाइनमध्ये.

फ्लेमिंग न करता छापणं

फिनाईल, शाम्पूच्या बऱ्याच बाटल्या एचडीपीई या प्लास्टिकच्या असतात, झाकणं आणि डबे पॉलिप्रॉपिलिन या दुसऱ्या प्लास्टिकचे. दोन्हींची पृष्ठऊर्जा, म्हणजे पृष्ठभागाची शाई धरून ठेवायची ताकद, 29 ते 31 डाइनच्या (ती मोजायचं एकक) आसपास असते, तर शाई नीट धरायला साधारण 38 च्या पुढे लागते. म्हणून ओली असताना सुरेख दिसणारी छपाई सुकल्यावर पापुद्र्यासारखी निघते. थिनरने पुसून तेल-धूळ जाते, प्लास्टिकचा स्वभाव बदलत नाही. त्यासाठी पृष्ठभागावरून ज्योतच फिरवावी लागते, यालाच फ्लेमिंग म्हणतात. पेट (पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचं प्लास्टिक) या प्लास्टिकच्या बाटलीची पृष्ठऊर्जा मुळात जास्त असल्याने तिला सहसा ही गरज पडत नाही. माल कशाचा आहे हे बुडावरच्या त्रिकोणातल्या आकड्यावरून कळतं (1 पेट, 2 एचडीपीई, 5 पॉलिप्रॉपिलिन).

फ्लेमिंग करूनही शाई सुटत असेल तर ज्योत बघा. पिवळी ज्योत काजळी बसवते. हवा वाढवून ती निळी करा. बाटली क्षणभरच ज्योतीसमोरून पूर्ण फिरली पाहिजे. जास्त भाजली तर वरचा थर कमकुवत होतो आणि शाई त्या थरासकट निघते. ज्योतीनंतर छपाईच्या जागेला बोट लावू नका. सकाळी फ्लेम करून माल दुसऱ्या दिवशी छापण्याची सवयही सोडा, कारण परिणाम हळूहळू उतरतो.

तपासायला यंत्र लागत नाही. लॉटमधली एक बाटली पाण्यात बुडवून काढा. पाणी अळूच्या पानावरच्यासारखं थेंब होऊन घरंगळलं तर फ्लेमिंग कच्चं आहे. सलग पातळ थर टिकला तर छापायला हरकत नाही. ही चाचणीची बाटली मात्र बाजूला ठेवा, ओली मशीनवर चढवू नका.

एवढं करूनही शाईत माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडत असतील तर मोल्डिंगवाल्याला विचारा, साच्यात सिलिकॉन स्प्रे मारतो का. छपाईच्या मालासाठी तो बंदच करायला सांगा.

हार्डनर अंदाजाने टाकणं

दोन घटकांच्या शाईत हार्डनर (शाई घट्ट करणारा दुसरा घटक) वजन करून, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच टाका. मिसळलेली शाई काही तासांनी वाया जाते; पातळ दिसते म्हणून संध्याकाळी वापरली तर पकड येत नाही. पकड तपासायला टेप लावून ओढायची घाई त्याच दिवशी नको, पूर्ण पकड यायला काही दिवस जातात. थंडीच्या रात्री पारा 15 अंशांखाली गेला तर ही प्रक्रिया मंदावते. तेव्हा माल लगेच पॅक करणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

सपाट डिझाइन गोलावर चढवणं

सरळ बाटलीला व्यास गुणिले 3.14 एवढा घेर येतो. 70 मिमीच्या बाटलीला सुमारे 220 मिमी. व्यास 1 मिमीने चुकला तर घेरात 3 मिमीचा फरक पडतो, आणि दोन टोकं एकमेकांवर चढतात. व्यास कॅलिपरने मोजा, ड्रॉइंगवरचा धरू नका. मोल्डची जॉइंट लाइन (साच्याच्या सांध्याची रेष) मजकुराखाली येऊ देऊ नका.

निमुळत्या ग्लासवर खरी फजिती होते. वर 80, खाली 60 मिमी व्यास आणि तिरकी उंची 100 मिमी असेल, तर उलगडलेला आकार आयत नसून पंख्यासारखा असतो: बाहेरची त्रिज्या 400 मिमी, आतली 300, कोन 36 अंश. डिझाइन त्या कमानीवर वाकवलं नाही तर ग्लासवरची ओळ धनुष्यासारखी दिसते. ग्राहकाची सरळ फाइल आली तरी वाकवणं तुमचंच काम.

मशीनवर स्क्वीजी (शाई ओढणारी रबरी पट्टी) बाटलीच्या बरोबर माथ्यावर हवी आणि स्क्रीनची (डिझाइनच्या जाळीची) चाल बाटलीच्या फिरण्याशी जुळलेली हवी. बाटली घसरली की अक्षरं फरफटतात. पातळ बाटली दाबाने आत जाते, अशा वेळी आत थोडी हवा भरून ठेवा.

चेंडूसारख्या आकारावर स्क्रीन

दोन्ही दिशांनी वळलेल्या पृष्ठभागावर स्क्रीनचा हट्ट नको, पॅड प्रिंटिंग घ्या, म्हणजे मऊ पॅडने चित्र उचलून मालावर दाबायचं. पॅड टोकदार हवा, म्हणजे हवा बाहेर ढकलली जाते. चपटा पॅड हवा कोंडतो आणि मधोमध भोकं पडतात. चित्र नेमकं पॅडच्या टोकावर ठेवू नका. शाई पॅडवरच राहत असेल तर बहुधा थिनर फार मंद आहे, चिकटपणा यायच्या आत पॅड खाली येतो. चित्राच्या कडेला केसांसारख्या रेषा निघत असतील तर कोरड्या हवेतली स्थिर वीज हे नेहमीचं कारण.

पॉलिकार्बोनेटच्या हेल्मेटवर मात्र थिनरची शाई नकोच. सॉल्व्हंटने त्यात बारीक तडे जाऊ शकतात, आणि ते वरून दिसतीलच असं नाही. अशी ऑर्डर मी तरी घेणार नाही.