सॅफ्रन वॉल्डन: एक दिवस, बाजाराचा वार पाहून

इंग्लंडला नवीन आलेली मंडळी पहिल्या सहा महिन्यांत विंडसर, बाथ, ऑक्सफर्ड उरकतात आणि गर्दीला कंटाळून घरी बसतात. लंडनजवळ राहत असाल तर पुढचा शनिवार एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डनला द्या. शनिवार जमत नसेल तर मंगळवार. बाजार या दोनच वारी भरतो आणि बाजाराविना हे गाव अर्धंच दिसतं. ११४१ साली शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार इथे हलवला, तेव्हापासूनची ही पेठ. गावाचं जुनं नाव चिपिंग वॉल्डन. चिपिंग म्हणजे बाजार, त्यामुळे नकाशावर ‘चिपिंग’ दिसलं की जुन्या बाजाराचं गाव समजावं.

गावाला रेल्वे स्टेशन नाही. उतरायचं ऑडली एंडला, तिथून गाव तीन किलोमीटरवर. गाडी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून, साधारण तासाभराची. उत्तर लंडनकरांना टॉटनम हेल सोयीचं. केंब्रिजच्या सगळ्याच गाड्या ऑडली एंडला थांबत नाहीत, म्हणून फलकावर थांब्यांची यादी वाचूनच चढा. नवख्यांची नेहमीची चूक ऑयस्टर कार्डाची, म्हणजे लंडनच्या बस-रेल्वेत टेकवायच्या कार्डाची. ते इथवर चालत नाही. कार्ड टेकवून बसलात आणि तपासनीस आला तर १०० पौंड दंड अधिक भाडं. २१ दिवसांत भरला तर दंड ५० पौंड. ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारं, परतीचं तिकीट काढा. दोघं नेहमी जोडीने फिरत असाल तर टू टुगेदर रेलकार्डाने एक तृतीयांश भाडं वाचतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही.

स्टेशनबाहेरून गावाची बस मिळते. सध्या इंग्लंडमध्ये बहुतेक बसचं एकेरी भाडं ३ पौंडांच्या वर जात नाही. रविवारी बसवर विसंबू नका; त्यातून रुळांची दुरुस्तीही बहुधा रविवारीच काढतात. स्वतःची गाडी असेल तर स्वॉन मेडो वाहनतळावर लावा. पैसे भरताना गाडीचा नंबर अचूक टाका, एक अक्षर चुकलं तरी नोटीस घरी येते.

साडेदहा-अकरापर्यंत चौकात पोचा. दुपारनंतर ठेले आवरायला लागतात. इथे घासाघीस करत नाहीत, फळं दाबून पाहत नाहीत. वाडग्यातला माल वाडग्याच्या भावाने उचलायचा. रांग दिसत नसली तरी असते, म्हणून ‘शेवटी कोण?’ हे नजरेने टिपून उभं राहा. चौकामागच्या अरुंद गल्ल्यांत, मार्केट रो आणि बटर मार्केटमध्ये, जरूर शिरा. एकेका मालाची एकेक गल्ली ही मांडणी पुण्याच्या बोहरी आळी-तपकीर गल्लीची सवय असलेल्याला लगेच ओळखीची वाटेल.

घरं बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही. आहे तो चुनखडीतला फ्लिंट, म्हणजे गारगोटीसारखे ओबडधोबड गोटे. म्हणून श्रीमंतांनीही लाकडी सांगाडा उभारून चुन्याचा गिलावा केला आणि त्या गिलाव्यावर उठावाची नक्षी काढली. तिला पार्जेटिंग म्हणतात. चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या ओल्ड सन इनवर १६७६ सालची नक्षी आहे, दोन दांडगे पुरुष समोरासमोर. जवळच बाराव्या शतकातल्या किल्ल्याचे अवशेष आहेत, पण सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्यांनी अपेक्षा माफक ठेवावी. त्याला लागून १८३५ साली खुलं झालेलं संग्रहालय आहे. निघण्याआधी त्याच्या वेळा पाहून घ्या.

सेंट मेरी चर्चचा मनोरा १९३ फूट उंच. आत जायला तिकीट नाही. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावं. आवारात रॅब बटलर यांची कबर आहे. अटक शहरात (आता पाकिस्तानात) जन्मलेले बटलर १९२९ ते १९६५ इथले खासदार होते आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या वेळी इंडिया ऑफिसात, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्यात, उपमंत्री. त्याच कायद्याखाली १९३७ च्या निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. रॅब यांचे वडील माँटेग्यू बटलर मध्य प्रांताचे गव्हर्नर होते, नागपूरकरांनी हे लक्षात ठेवावं.

जेवायला एकच्या आत बसा. बऱ्याच पबचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं. टेबलाचा नंबर बघून काउंटरवर जाऊन सांगायचं, वेटरची वाट बघत बसू नका. शाकाहाऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: चिप्स कशात तळले आहेत, चीज पार्मेझान आहे का (त्यात वासराच्या पोटातलं रेनेट असतं), आणि वूस्टर सॉस घातलाय का (त्यात अँकोव्ही मासा असतो).

दुपारी कॉमन या मोकळ्या मैदानावर जा. तिथे गवतात कोरलेला चक्रव्यूह आहे, १६९९ सालापासून नोंद असलेला. यात वाट चुकायची भीती नाही, कारण वाट एकच आहे. फक्त ती वळसे घेत जवळजवळ एक मैल चालवते. पाऊस पडून गेला असेल तर वाटेवरच्या विटा निसरड्या होतात. खरोखर हरवायची हौस असेल तर ब्रिज एंड गार्डनमध्ये झुडपांच्या भिंतींचा वेगळा भूलभुलैया आहे.

आता केशर. गावाला नाव त्यानेच दिलं, सोळाव्या-सतराव्या शतकात इथे मोठी लागवड होती आणि अठराव्यापर्यंत ती आटली. केशर हे क्रोकस जातीचंच फूल, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसणारी जांभळी क्रोकस केशराची नव्हेत. केशराला शरदात, ऑक्टोबरच्या सुमारास फूल येतं. त्याच दिवसांत अगदी तसंच दिसणारं कोल्चिकम फुलतं, आणि ते विषारी असतं. पुंकेसर मोजा: क्रोकसला तीन, कोल्चिकमला सहा. पोरांना कुठलंच फूल तोंडात घालू देऊ नका.

स्टेशन आणि गावाच्या मधे ऑडली एंड हाउस हा सतराव्या शतकातला वाडा आहे. तो याच दिवसात कोंबू नका, त्याला अर्धा दिवस लागतो, आणि तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. दुसऱ्या महायुद्धात इथे पोलंडच्या गुप्त सैनिकांना प्रशिक्षण दिलं जाई. वळिवड्याची पोलिश छावणी ठाऊक असलेल्या कोल्हापूरकरांनी बागेतलं त्यांचं स्मारक पाहायला पुन्हा यावं. परतताना स्टेशनपर्यंत पायी जायचा बेत असेल तर डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, एवढं धरून चौकातून निघा.