ले-आऊटमधल्या घरी चार बदकं पाळायची असतील तर

बदक पाळायचं म्हणलं की लोक पहिले हेच विचारतात, तलाव कुठून आणू? तलाव नाही लागत बाप्पा. बदकाला रोज एवढं पाणी पाहिजे की चोच नाकपुड्यांसकट बुडेल, डोकं आत घालून डोळे धुता येतील आणि थोडं अंगावर उडवता येईल, बस. तेवढंही नाही भेटलं तर नाकपुड्यांत खाद्य सुकून बसतं, डोळे चिकटतात. खरा प्रश्न वेगळाच आहे, ते पाणी तासाभरात घाण होणार आणि रोज कुठंतरी ओतावं लागणार, तर ते जाणार कुठं हे बदकं आणायच्या आधी ठरवा. त्यात आपल्या नागपुरात मे महिन्यात पाणी तापून चटके देतं आणि जुलैत काळ्या मातीचा असा चिखल होतो की चप्पल आत राहते. ही दोन टोकं सांभाळता आली तर बाकी बदक कोंबडीपेक्षा सोपंच आहे.

एकटं बदक आणू नका, ते थव्यात राहणारं जनावर आहे, कमीत कमी तीन तरी पाहिजेत. अंडी खाण्यापुरतीच हवी असतील तर नराची गरजच नाही, माद्या नराशिवायही अंडी देतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. नर ठेवायचाच असेल तर पाच-सहा माद्यांमागे एक, दोन माद्यांवर एक नर ठेवला की तो त्यांच्या मानेची पिसं ओरबाडून काढतो. आणि शेजारचे काका कटकट करणारे असतील तर हे लक्षात ठेवा की बदकात मोठ्या आवाजात ओरडते ती मादी, नराचा आवाज घोगरा, बसलेला असतो. मोठ्या नराच्या शेपटीवर वर वळलेलं एखाद-दोन पीस दिसतं, त्यावरूनही ओळखता येतं. जात म्हणाल तर अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल, नीट ठेवली तर वर्षाला अडीचशेच्या पुढे जाते, घरच्या आंगणात त्याहून कमी धरून चाला. पांढरं पेकिन दिसायला छान पण ते मुख्यतः मांसाचं बदक, वजनदार, त्यामुळे उन्हाचा त्रास त्याला जास्त होतो. मस्कोव्ही आवाज कमी करते पण उडते, कुंपणावरून शेजारी गेली की मग काकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

पाण्याची सोय. प्यायला पसरट घमेलं नको, त्यात ते बसतात आणि हगतात, त्यापेक्षा खोलगट बादली घ्या आणि बाजूने डोकं जाईल एवढीच भोकं पाडा. डुंबायला प्लास्टिकचा मोठा टब किंवा सिमेंटचं टाकं, वीत-दीड वीत पाणी पुष्कळ झालं. आत एक वीट आणि बाहेर दोन विटा पायरीसारख्या ठेवा, नाहीतर लहान बदक आत जातं आणि गुळगुळीत कडेवरून बाहेर निघता येत नाही, थकून बुडतं, हाव, बदकही बुडतं. टबाच्या तळाला बूच असलं तर रोजचं अर्धं काम वाचतं. ते घाण पाणी म्हणजे फुकटचं खत आहे, केळी, पपई, कढीपत्ता यांच्या बुडाशी पाळीपाळीने सोडा, रोज एकाच झाडाला नको. टब रोज रिकामा केला तर डासही होत नाहीत, आठवडाभर तसाच ठेवला तर डेंग्यूच्या सीझनमध्ये पूर्ण गल्ली तुमच्या दारात येईल आणि त्यांचं बरोबर असेल.

आता उन्हाळा. बदकाला घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकतं आणि पंख अंगापासून लांब धरतं, हे दिसलं की समजा त्रास सुरू झाला. ४५ च्या वर पारा गेला आणि नवतपा, म्हणजे मेच्या शेवटाचे नऊ कडक दिवस, लागला की तीन गोष्टी आधीच झालेल्या पाहिजेत. एक, खुराडं टिनाच्या पत्र्याखाली नको, आणि असलाच पत्रा तर त्यावर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्यांचा जाड थर टाका आणि दुपारी पाणी मारा. दोन, टब झाडाच्या सावलीत, झाड नसेल तर हिरवी नेट दोन पदरी बांधा. तीन, आणि हे भल्लं महत्त्वाचं आहे, दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट टबात सोडू नका, त्या पाण्याने माणसाचाच हात भाजतो. सकाळी लवकर पाणी भरून घ्या आणि माठात नाहीतर सावलीतल्या ड्रममध्ये राखून ठेवा, दुपारी त्यातलं घाला. खाद्य पहाटे आणि संध्याकाळीच द्या, दुपारी पोट भरलेलं असलं की अंगात आणखी उष्णता तयार होते. कुलरचं पाणी उडून जिथं गारवा राहतो त्या भिंतीजवळ ते स्वतःच जाऊन बसतात, बसू द्या. एखादं आडवं पडलं तर त्याला एकदम बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, सावलीत आणून पाय आणि चोच साध्या थंड पाण्याने ओली करत राहायचं, शुद्धीवर असेल तरच पाणी पाजायचं. उन्हाळ्यात अंडी कमी होतात, त्यासाठी औषधं शोधत फिरू नका.

पावसाळ्यात उलटं. पाण्याचा पक्षी असला तरी त्याची झोपायची जागा कोरडीच पाहिजे. ओल्या चिखलात सतत उभं राहून तळपाय मऊ पडतात, खरचटलं की त्यातून जंतू शिरतात आणि तळव्याला काळी खपली धरून फोड येतो, बदक लंगडायला लागतं, आणि तो एकदा झाला की लवकर बरा होत नाही. आठ-आठ दिवसांची झडी लागते तेव्हा काळ्या मातीला काही इलाज नसतो म्हणून जूनच्या आधीच टबाभोवती आणि खुराड्यासमोर वीतभर मुरूम टाकून दाबून घ्या, उतार द्या, टबाच्या अगदी जवळ गोटे टाकले तर अजून चांगलं पण धारदार गिट्टी नको. खुराड्यात खाली धानाचं तूस टाका, भंडारा-गोंदियाकडचा धानपट्टा जवळ असल्याने राईस मिलमधून पोत्याने भेटते. ओलं झालेलं रोज वरवरचं काढायचं आणि नवीन टाकायचं. आत पाणी ठेवायचंच नाही, रात्री खाद्यही नको, मग पाणी नसलं तरी चालतं. याला अपवाद पिल्लांचा, आणि कडक उन्हाळ्यातल्या रात्रींचा, तेव्हा दाराजवळ बादली राहू द्या.

खुराडं एका बदकामागे चार चौरस फूट धरा. बदकं दांडीवर बसत नाहीत, जमिनीवरच झोपतात, त्यामुळे उंची कमी चालते पण हवा खेळली पाहिजे. शहरात असलं तरी कुत्री, मांजरं, मुंगूस, घूस, सगळे आहेत, आणि अंड्यांसाठी धामणही येते. साधी कोंबडीजाळी कुत्रं दातांनी फाडतं, अर्ध्या इंची वेल्डेड जाळी घ्या आणि बाहेरच्या बाजूने फूटभर जमिनीत आडवी पुरा. रोज अंधार पडायच्या आधी आत, कडी लावून. पकडायला मागे धावू नका, दोन लांब काठ्या दोन्ही हातांत धरून हळूहळू मागून चाललं की सगळी रांगेत आत जातात, पोट्टेही हे काम आवडीने करतात. उचलायचं झालं तर अंगाखाली हात घालून, पंख दाबून धरून. पायांना धरून कोंबडीसारखं लटकवलं तर पाय निखळतो.

खाद्याबाबत मी जरा जास्तच बोलणार आहे काऊन की बदकं आजारापेक्षा खाण्याने जास्त मरतात. अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बुरशीतून तयार होतं, आणि पाळीव पक्ष्यांत बदकाइतकं त्याला नाजूक दुसरं क्वचितच असेल. कोंबड्या ज्या खाद्यावर ठीक दिसतात त्याच खाद्याने बदकाची पिल्लं लिव्हर खराब होऊन पटापट जातात. हे विष मुख्यतः ओल लागलेल्या मक्यात आणि शेंगदाण्याच्या ढेपेत सापडतं. म्हणून शेंगदाणा ढेप बदकाला द्यायचीच नाही, मका दिला तर कोरडा, चकचकीत, वास न येणारा, आणि पावसाळ्यात महिन्याभराचं पोतं घेऊन ठेवायचं नाही, आठ-दहा दिवसांचंच आणायचं, पोतं जमिनीवर नाही तर पाटावर ठेवायचं. घट्ट झालेलं, गोळे धरलेलं, कुबट वास येणारं खाद्य फेकून द्या, उन्हात वाळवून विष जात नाही आणि शिजवूनही जात नाही. पैसे गेले म्हणून जीव तुटतो पण फेका.

मोठ्या बदकाला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम खाद्य लागतं, चरायला भेटत असलं तर कमी. अंड्यावरच्या कोंबडीचं लेयर खाद्य चालतं, त्यात पाणी घालून भिजवून द्या कारण कोरडी भुकटी त्यांच्या घशात अडकते, आणि खाताना शेजारी पाणी पाहिजेच. भिजवलेलं दोन-तीन तासांत संपेल एवढंच, उरलेलं आंबतं. सोबत तांदळाची कणी, कोंडा, कोथिंबिरीच्या काड्या, मेथी, कोबीचा पाला, भोपळ्याचा गर, टरबुजाच्या साली. वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा, अंड्याच्या कवचासाठी, आणि थोडी जाड वाळू. शिळा पाव आणि फरसाण नको, तलावावर लोक हौसेने पाव टाकतात म्हणून ते चांगलं होत नाही. गोगलगायी, गांडुळं, किडे ते स्वतः शोधतात, बागेला फायदाच, पण कोवळी पालेभाजी लावली असेल तर तिला जाळी घाला नाहीतर मुळासकट साफ.

पिल्लं आणली तर त्यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन हे व्हिटॅमिन बरंच जास्त लागतं, खाद्याच्या किलोमागे साधारण ५५ मिलिग्रॅम. नुसत्या मक्या-कणीवर वाढवलं तर पाय वाकडे होतात, पिल्लू गुडघ्यांवर बसून सरकायला लागतं. सुरुवातीपासून खाद्यात ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, वाळवलेलं) मिसळा किंवा डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन पाण्यातून द्या. पहिल्या आठवड्यात ३२ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, नागपूरच्या मेमध्ये दिवसा बल्ब लावायची गरजच नसते, उलट गारवा बघा. पिल्लं बल्बखाली गर्दी करून बसली तर थंडी वाजते आहे, दूर पळून धापा टाकत असली तर गरम होतंय. पाण्याच्या ताटलीत गोटे टाका. आईशिवायची पिल्लं लगेच पोहायला सोडू नका, पिसांना तेल लागलेलं नसतं, भिजून गारठतात. अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर २८ दिवस धरा, मस्कोव्हीला ३५, कोंबडी २१ दिवसांच्या हिशोबाने उठून जायची शक्यता असते तर लक्ष ठेवा.

आजारांचं म्हणाल तर डक प्लेगची, म्हणजे बदकांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, लस पिल्लं दोनेक महिन्यांची झाल्यावर टोचून घ्यायची, त्यासाठी आणि एरवीच्याही तक्रारीसाठी सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याकडे आहे, बाहेरगावच्यांना ही सोय नसते. बर्ड फ्लूचं मनावर घ्या. २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमधले तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच गेले. बदकात तो लक्षण न दाखवताही राहू शकतो, म्हणून हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात त्या तलावांवर घरची बदकं फिरवायला नेऊ नका, तिथून आल्यावर चपला धुवा, आणि एकापाठोपाठ दोन-तीन अचानक मेली तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा. कंटाळा आला म्हणून फुटाळा तलावावर नेऊन सोडायची तर अजिबात नाहीत. रानबदकांची अंडी कोणी आणून दिली तर घ्यायची नाहीत, वन्यजीव कायद्याचा मामला आहे.

जानेवारीत संक्रांतीच्या आठवडाभर आंगण रोज झाडा. नायलॉन मांजाचे तुकडे पायात गुंडाळले जातात, बदकं ते गिळतातही, खिळे-तारांचे तुकडेही गिळतात, चमकणारं काहीही त्यांना खायचंच वाटतं.

अंडी पहाटेच घालतात, बहुतेक नऊच्या आत, तोवर दार उघडू नका नाहीतर टबात, झुडपात, कुठंही टाकून मोकळ्या होतात. चिखल लागलेलं अंडं कोरड्या कपड्याने पुसा, अगदीच घाण असेल तर अंड्यापेक्षा जरा कोमट पाण्याने धुवा, थंड पाण्याने धुतलं तर घाण कवचातून आत ओढली जाते, आणि धुतलेलं लगेच वापरून टाका. अर्धकच्चं खायचं नाही, पूर्ण शिजवायचं. पांढरं कोंबडीच्या अंड्यापेक्षा घट्ट असतं, मोठ्या आचेवर ऑम्लेट रबरासारखं होतं, मंद आचेवर करा. उकडून सावजी रश्श्यात टाकलं तर मात्र काही बिघडत नाही, बलक मोठा असल्याने रस्सा चांगला धरतो.