एनसीसीत नाव देण्याआधी

जुलैच्या भर पावसात कॉलेजच्या फलकावर एनसीसी भरतीची नोटीस लागते आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या घराघरांत चर्चा सुरू होते. पोराला पुढे सैन्यात जबरदस्तीने नेतील, ही एक धास्ती. सर्टिफिकेट मिळालं की फौजेतली नोकरी पक्की, ही दुसरी समजूत. दोन्ही चुकीच्या. १९४८च्या एनसीसी कायद्याने कॅडेटवर लष्करी सेवेची सक्ती नाही. आणि एनसीसीच्या सर्वांत वरच्या ‘सी’ सर्टिफिकेटमुळेही एनडीएची, म्हणजे बारावीनंतर अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा टळत नाही. पदवीनंतरच्या ‘एनसीसी स्पेशल एन्ट्री’त मात्र लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या अधिकारी निवड मंडळाच्या, मुलाखतीचा रस्ता खुला होतो, त्यासाठी ‘सी’मध्ये किमान ‘बी’ ग्रेड आणि पदवीला ५० टक्के गुण हवेत.

म्हणून आधी वर्षांचा हिशेब मांडा. कॉलेजातली एनसीसी, म्हणजे सीनियर डिव्हिजन, ३ वर्षांची. ‘बी’ची परीक्षा दुसऱ्या वर्षी, ‘सी’ची तिसऱ्या. अकरावीत नाव घातलं आणि बारावीनंतर एनसीसी नसलेल्या कॉलेजात गेलं, की गाडी ‘बी’वरच थांबते. पुष्कळ हुशार कॅडेट इथेच गळतात, आणि त्याची हळहळ वाटते. बारावीनंतर कॉलेज बदलणार हे ठरलेलंच असेल तर एफवायला नाव द्या. पदवीची तीन वर्षं नीट पुरतात. शाळेतलं ‘ए’ नसलं तरी अडत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या एएनओंना, म्हणजे एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना, परेड कोणत्या वारी आणि किती वाजता असते ते विचारा. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून येणारा मुलगा रविवारचा क्लासही लावणार असेल, तर दोन्हीचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. जुळत नसेल तर नाव देऊ नका. मुलाच्या मनात नसेल, तरीही नको.

भरतीच्या महिनाभर आधी उपवनच्या काठाने किंवा नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ बागेतल्या ट्रॅकवर रोज धावायला लावा. घरी आरशासमोर ‘सावधान’ घटवून घ्यावं: टाचा जुळलेल्या, पंजांमध्ये ३० अंशांचा कोन, मुठी बंद. ‘विश्राम’ला डावा पाय १२ इंच बाजूला. मुलं गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे घट्ट करतात, आणि लांबलेल्या परेडमध्ये भोवळ येऊन कोसळतात. कारण साधं आहे. पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पोचतं. त्यात आपल्याकडची दमट हवा आणि रिकामं पोट. गुडघे किंचित सैल ठेवायचे, बुटातल्या बुटात बोटं हलवत राहायची. निघण्यापूर्वी केळं किंवा पोळी-गूळ, आणि पाणी.

बुटांचं आधीच बघा. नवे चामडी बूट परेडलाच पहिल्यांदा घातले की टाचेला फोड येणारच. आठवडाभर जाड मोजे चढवून घरात रोज तासभर वापरायचे. भिजले तर गॅसजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर काही तासांनी बदला, पंख्याखाली वाळवा आणि पूर्ण सुकल्यावरच पॉलिश लावा. ओलसर चामड्यावर पॉलिश चढवलं तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, आणि शनिवारी रात्री ती खरवडत बसावं लागतं.