‘प्रीपोन’ चालतं का? इंग्रजी शब्द तपासायची माझी रीत

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांची इंग्रजी पत्रं गेली १९ वर्षं मी लिहून देते. शेट मराठीत सांगतात, मी इंग्रजीत उतरवते. एकदा मी लिहिलं, ‘डिस्पॅच प्रीपोन करतोय’, म्हणजे माल ठरल्यापेक्षा आधी पाठवतोय. जर्मनीच्या गिऱ्हाइकानं ते ‘पोस्टपोन’ वाचलं आणि आमचा माल दोन आठवडे गोदामात बसला. शेट म्हणाले, “ताई, शब्द डिक्शनरीत हाय म्हणालासा न्हवं?”

होता की! चूक माझ्या प्रश्नातच होती. ‘डिक्शनरीत आहे का’ एवढं विचारून भागत नाही. डिक्शनरी म्हणजे टोलनाका नव्हे (असता तर आम्ही कोल्हापूरकरांनी कधीच हटवला असता). ती नोंदवही आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश करताना जेम्स मरेंनी १८७९ मध्ये वाचकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्द जिथं सापडेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवा. अशा लाखो चिठ्ठ्यांवरून १९२८ मध्ये पहिली आवृत्ती पुरी झाली. आता चिठ्ठ्यांच्या जागी संगणक आले, कसोटी तीच: वेगवेगळ्या लोकांनी, वर्षानुवर्षं, छापील मजकुरात शब्द वापरलाय का?

म्हणून कोश उघडला की आधी शब्दाला चिकटलेला शिक्का वाचा. ‘प्रीपोन’ १९१३ सालच्या न्यूयॉर्क टाइम्समध्येही सापडतो, पण आज त्यावर शिक्का आहे ‘भारतीय इंग्रजी’. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशात चाळ, डबा, हरताळ हेही आले. म्हणून हँबर्गच्या माणसाला चाळ कळेल असं थोडंच आहे?

मग गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर उघडा, म्हणजे पुस्तकांत शब्द किती वापरला गेला ते सालवार दाखवणारं पान. दोन पर्याय स्वल्पविराम देऊन टाका. पुस्तकांत कुठला कधीपासून चढला, ते रेघेवर दिसतं. अमेरिकन आणि ब्रिटिश पुस्तकं वेगवेगळी निवडून बघा, खरी गंमत तिथंच आहे. पहिलं अक्षर मोठं की लहान यानंही आकडे बदलतात. चाळीसपेक्षा कमी पुस्तकांत आलेला शब्द ते दाखवतच नाही, तेव्हा रेघ नाही म्हणून शब्दच नाही असं समजू नका.

वृत्तसंस्थांच्या शैलीपुस्तिका (कुठला शब्द कसा लिहायचा याच्या नियमांची पुस्तकं) सगळ्यात उशिरा हलतात, म्हणून माझा भरवसा त्यांच्यावर जास्त. लोक ‘ई-मेल’मधली आडवी रेघ केव्हाच गाळत होते, एपी या अमेरिकन वृत्तसंस्थेनं ती २०११ मध्ये काढली. ‘आशा आहे की’ या अर्थाचं ‘होपफुली’ २०१२ मध्ये मान्य केलं. आमच्या बाईंनी त्याच शब्दावर माझ्या निबंधात लाल गोल केला होता. बाईंचंही बरोबर होतं, तेव्हाच्या पुस्तिकेप्रमाणे.

एवढं करूनही शेवटी वाचणारा कोण, हे बघावंच लागतं. पुण्याच्या ऑफिसला ‘डू द नीडफुल’ (जरूर ते करा) खुशाल लिहा. परदेशी गिऱ्हाइकाला नेमकं काय करायचं ते सांगा. ‘पास्ड आउट’ तर तिकडं जपूनच. परवा एका पोराच्या बायोडाटात होतं, ‘पास्ड आउट इन २०१९’. वाचणाऱ्याला वाटायचं, पोरगं चक्कर येऊन पडलं.

शेटना अजून ‘प्रीपोन’च आवडतं. फोनवर मीही तेच म्हणते. पत्रात मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिते, आणि पुढं तारीख, महिना अक्षरांत.