फ्लॅश कधी उडतो, कधी नाही? आधी कुठलं बटण दाबायचं ते बघा

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधीचं लग्न होतं, पारोळ्याच्या पुढं एका गावात, शेतातल्या लॉनवर. स्टेजच्या दोन्ही अंगांना स्टँडवर एकेक फ्लॅश, वर अंब्रेला, कॅमेऱ्यावर ट्रिगर (लांबचा फ्लॅश रेडिओनं उडवणारी डबी), सकाळी हळदीला सगळं मस्त चाललेलं. आणि शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली गेला, अक्षता पडल्या आणि नेमका तेव्हाच डावीकडचा फ्लॅश गप्प. पुढच्या फोटोला उडाला, त्याच्या पुढच्या दोनला परत नाही. मग मी तेच केलं जे सगळेच करतात, घाईघाईत सेल बदलले, ट्रिगर काढून परत बसवला, फ्लॅश बंद-चालू केला, स्टँड जरा पुढं ओढला, सगळं एका मिनिटात. फ्लॅश चालू झाला. पण यातल्या कशानं झाला ते काही कळलं नाही, त्यामुळं संध्याकाळी रिसेप्शनला परत तीच बोंब.

तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलतो, आणि तीही आधी दुखणं कुठं आहे ते बघून. आपण "फ्लॅश उडत नाही भो" असं एका दमात बोलून मोकळे होतो, पण त्यात तीन वेगळे आजार असतात. फ्लॅशपर्यंत सिग्नल पोचलाच नाही, किंवा पोचला पण फ्लॅश तेव्हा भरलेला नव्हता, किंवा उडाला पण भलत्याच वेळी उडाला. तिन्हींचं औषध वेगळं.

ओळखायची सोपी रीत अशी. फ्लॅश मिस झाला की कॅमेऱ्याचं शटर परत परत दाबत बसू नका. फ्लॅशच्या मागचं लाल झालेलं टेस्टचं बटण दाबा. नाही उडाला तर ट्रिगरचा काही दोष नाही, सेल किंवा खुद्द फ्लॅशच. उडाला तर परत भरू द्या आणि आता ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबा, जिथं उभं राहून फोटो काढत होता तिथूनच, फ्लॅशजवळ येऊन नाही. इथं नाही उडाला तर दोघांच्या मधे गडबड आहे, म्हणजे चॅनल (रेडिओचा नंबर), ग्रुप (फ्लॅशची तुकडी), अंतर, आडोसा. आणि ट्रिगरच्या बटणावर दहापैकी दहा वेळा उडतो पण शटर दाबल्यावर मिस होतो, तर रेडिओ ठणठणीत आहे, भानगड कॅमेरा आणि हॉटशूकडं (कॅमेऱ्यावरची ट्रिगर बसवायची खाच) आहे. एवढं केलं तरी निम्म्या शंका कटतात, वेळ अर्धा मिनिट.

सेलपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त वेळा तेच निघतं. फ्लॅशच्या आत कपॅसिटर असतो, तो सेलवर भरतो आणि एका झटक्यात रिकामा होतो. फुल पॉवरला चार पेन्सिल सेलवरचा फ्लॅश परत भरायला तीन ते पाच सेकंद खातो, आणि सेल थकले की त्याच्या कितीतरी पट जास्त. तुम्ही धडाधड तीन फोटो काढले, पहिला झकास, दुसरा अंधुक, तिसरा काळा, असं दिसलं तर समजा ट्रिगर बिचारा निर्दोष आहे. पॉवर १/४ वर आणा आणि आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो ते) दोन स्टॉप, म्हणजे चौपट वाढवा, उजेड फोटोत तेवढाच येतो आणि एका फ्लॅशला वीज चौथा हिस्सा लागते. शिवाय रेडी लाइट (तेच लाल झालेलं बटण) लागला म्हणजे फ्लॅश काठोकाठ भरला असं नसतं, बऱ्याच फ्लॅशचा लाइट थोडा आधीच लागतो.

सेल चांगले रिचार्जेबलच घ्या, निमएच (निकेल मेटल हायड्राइड). लिहिलेलं असतं १.२ व्होल्ट म्हणून लोकांना ते कमजोर वाटतात, साधा अल्कलाइन १.५ चा ना. पण ओढ पडली की अल्कलाइन लगेच बसतो, निमएच तग धरतो. चारही सेल एकाच कंपनीचे, एकाच वयाचे, एकत्र चार्ज केलेले ठेवा, चारात एक म्हातारा घुसला की तो बाकीच्या तिघांना घेऊन खाली बसतो. मी प्रत्येक चौकडीवर मार्करनं क, ख, ग असं लिहून ठेवलंय, मिसळायचा प्रश्नच नाही. आणि ट्रिगरचे सेल! फ्लॅशचे सगळे बदलतात, ट्रिगरमधले मागच्या सीझनचे तसेच असतात. सेल कमी झाले की ट्रिगर लगेच बंद पडत नाही, आधी त्याची रेंज घटते, मग जवळून चालतो आणि लांबून दगा देतो, आणि आपण दोष देतो अंतराला.

आता रेडिओ. हल्लीचे जवळपास सगळे ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ, कॉलरचे वायरलेस माइक, ड्रोनचे रिमोट, सगळी जत्रा. लग्नात लाइव्ह स्ट्रीमिंगवाला बसलेला असतो तो राउटर घेऊनच, आणि तुमचा फ्लॅशचा स्टँड नेमका त्याच्या टेबलाला टेकून असतो. स्टँड चार-पाच पावलं बाजूला घ्या, नाहीतर चॅनल बदला. काही ट्रिगरमध्ये स्कॅन असतं, मोकळे चॅनल तेच शोधून देतं, तेवढं मंडपात पोचल्यावर करा, घरी केलेलं तिथं उपयोगाचं नाही.

आणि या लहरी पाण्यात अडकतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. रिकाम्या हॉलमध्ये टेस्ट केली तेव्हा पन्नास फुटांवरून उडत होता, आणि स्टेजसमोर दोनशे वऱ्हाडी उभे राहिले की बंद, कारण तुमच्या आणि फ्लॅशच्या मधे आता माणसांची भिंत आहे. उपाय एकच, फ्लॅश डोक्यांच्या वर चढवा, सात-आठ फुटांवर. आपल्याकडं अजून एक भारी जागा आहे या रोगाची, केळीची बाग. रावेर-यावलकडं प्रीवेडिंगला हल्ली सगळ्यांना केळीत फोटो पाहिजेत, हिरवंगार दिसतं, झाडांच्या मधून मागून फ्लॅश मारला की पानं अशी पेटल्यासारखी चमकतात. पण केळीचा खांब कापून बघा, नुसतं पाणी. अशा दहा-बारा खांबांच्या पलीकडं फ्लॅश ठेवला तर मोकळ्या रानात शंभर मीटर जाणारा ट्रिगर तिथं वीसवरच हात टेकतो. दोन ओळींच्या मधल्या सरीत सरळ समोर ठेवा, किंवा फ्लॅश उंच करून जरा वळवा. सॉफ्टबॉक्सच्या आतला चंदेरी कपडा, लोखंडी ट्रस, एलईडी वॉलची पाठ, डीजेचे कॅबिनेट, यांच्या मागं दडवलेला फ्लॅशपण असाच वागतो.

याच्या उलटंही होतं, फार जवळ असला तरी मिस होतो. कॅमेऱ्यावर ट्रिगर आणि फ्लॅश हातभर अंतरावर, तरी नाही उडत, माणूस वेडा होतो. सिग्नल इतका जोरात येतो की रिसीव्हर गोंधळतो. गोडॉक्स कंपनीच्या एक्सप्रोसारख्या ट्रिगरमध्ये अंतराची सेटिंग आहे, ०-३० मीटर आणि १-१०० मीटर, जवळच्या कामाला पहिली ठेवा.

आता पारोळ्याच्या लग्नाचं काय झालं ते. रिसेप्शनला गर्दी जरा ओसरली तसा मी स्टँडजवळ उभा राहून मठ्ठा पीत होतो, कॅमेरा गळ्यात लटकलेला, दोन्ही हात ग्लासाला, आणि फ्लॅश उडाला! दोन सेकंदांनी परत. हात लावून बघितला तर फ्लॅशचं डोकं गरम. स्टेजवर मुलीकडचा फोटोग्राफर मामा-मामींचा फोटो काढत होता, त्याच्या हातात माझ्याच कंपनीचा ट्रिगर, चॅनल १, ग्रुप ए, डब्यातून काढला तसाच. माझाही तसाच. म्हणजे तो सकाळपासून माझा फ्लॅश उडवत होता आणि मी त्याचा, आणि ज्याला खरंच पाहिजे त्याच्या वेळेला फ्लॅश अर्धवट भरलेला. गेलो त्याच्याकडं, म्हटलं काय दादा, दिवसभर माझे सेल खाल्ले तुम्ही. तो म्हणे, "मनाबी फ्लॅश सकायपासून येडा व्हयेल शे!" दोघं हसलो, तो ७ वर गेला, मी २१ वर, विषय संपला.

म्हणून दोन पार्टीचं लग्न असलं की आधी दुसऱ्या फोटोग्राफरला जाऊन भेटायचं आणि चॅनल वाटून घ्यायचे, जेवणाच्या पंगतीसारखं. गोडॉक्सच्या एक्स सिस्टीममध्ये ३२ चॅनल आहेत, त्यावर परत १ ते ९९ आयडी टाकता येतो, ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हीकडं तोच पाहिजे. आयडी टाकून ठेवला की बहुतेक कटकट जाते. आणि फ्लॅश चुकून एस वन किंवा एस टू मोडला तर नाही ना हे बघा, तो रेडिओचा नाही, डोळ्याचा मोड आहे, समोर कुणाचाही फ्लॅश चमकला की हा उडतो, आणि उन्हात याला काही दिसतच नाही.

ट्रिगरच्या बटणावर उडतो पण शटरवर नाही, त्याचं आता. ट्रिगर हॉटशूत पूर्ण आत सरकवून लॉक आवळा, अर्धा मिलिमीटर मागं राहिला तरी पिना जागेवर बसत नाहीत. आपल्याकडचा उन्हाळ्यातला धुराळा आणि घाम मिळून पिनांवर एक थर चढतो, तो साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, भुगा फुंकून टाका, पॉलिश पेपर अजिबात नको. सेल गळून आत पांढरट-हिरवट साचलं असेल तर कानकोरणीचा कापूस थोड्या व्हिनेगरमध्ये बुडवून पुसायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं.

मेनू बघा. सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश उडतच नाही, मिररलेसवाल्यांची निम्मी रडगाणी इथंच संपतात. फ्लॅश फायरिंग डिसेबल तर नाही ना तेपण बघा. आणि कॅननच्या १५००डी, ३०००डी, २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांची वेगळीच गंमत आहे, त्यांच्या हॉटशूला मधली मोठी पिन दिलेलीच नाही. साधे एका पिनेवर चालणारे स्वस्तातले ट्रिगर त्यावर कधीच चालणार नाहीत, कितीही घासा, कॅननसाठीचा टीटीएलवालाच (कॅमेऱ्याशी बोलून फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणारा) ट्रिगर पाहिजे. ट्रिगर घेण्याआधी हॉटशूत डोकावून बघा.

फोटोत खाली नाहीतर वर काळा पट्टा येत असेल तर फ्लॅश उडालाय, शटर त्याच्यापेक्षा फास्ट आहे. बहुतेक कॅमेऱ्यांची हद्द १/२०० किंवा १/२५० सेकंद, स्वस्त ट्रिगर त्यात थोडा उशीर अजून घालतो, म्हणून १/१६० ला या.

स्टँडवरची एक बारीक गोष्ट, जी मला दोन वर्षं कळली नव्हती. फ्लॅश ज्या खाचेत बसवतो ती पट्टी लोखंडाची असली तर फ्लॅशच्या पायाच्या पिना तिच्यामुळं आपसात शॉर्ट होतात, मग फ्लॅश मधेच आपोआप उडतो नाहीतर अडकून बसतो. खाचेत काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, झालं.

मेमधल्या दुपारी भुसावळ-जळगावकडं पारा ४५ च्या आसपास, आणि काळ्या रंगाचा फ्लॅश उन्हात उभा. गरम झाला की तो स्वतःच हळू भरतो किंवा थांबतो, हा बिघाड नाही, स्वसंरक्षण आहे. हायस्पीड सिंकवर (त्या हद्दीपेक्षा फास्ट शटरला फ्लॅश वापरायचा मोड) तर अजून लवकर तापतो. दोन फ्लॅश आलटून-पालटून वापरा, वर पांढरं उपरणं टाका. आणि स्लीप बंद करून ठेवा, पंडितजींचा विधी लांबला की फ्लॅश झोपी जातो आणि उठवलं तरी उठत नाही.

सीझनच्या आधी घरी एक टेस्ट करतो. फ्लॅश एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत, दर पाच सेकंदांना एक असे पन्नास फोटो, मिस झालेले नंबर कागदावर लिहायचे. पहिले वीस-पंचवीस बरोबर आणि मग मिस वाढत गेले तर सेल किंवा गरमी. पहिल्यापासून कुठंही विखुरलेले मिस असतील तर पिना किंवा चॅनल. वळून उभं राहिलं की मिस, परत वळलं की बरोबर, तर आडोसा. फक्त खिडकीचा पडदा लावून घ्या. मागच्या वर्षी मी संध्याकाळी उघड्या खिडकीशी हे करत बसलो, तर समोरच्या काकूंना वाटलं वीज चमकतेय, धावत गच्चीवर गेल्या आणि वाळत घातलेले सगळे बिबडे (ज्वारीचे पापड) गोळा करून आणले, अजून ऐकवतात.