गावचा सप्ताह अभ्यासायचा कसा: पत्रिका, पट्टी, पहारा आणि पंगत

बंद पडलेला अखंड हरिनाम सप्ताह गावात पुन्हा उभा राहिला, की लोक कारण एका वाक्यात उरकतात: ‘भक्ती वाढली’ किंवा ‘पुढाऱ्यांनी गर्दी जमवली’. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. गावात काय बदललं आणि सप्ताहातून कोणाला काय मिळतं, हे कागदांत आणि मांडवात दिसतं. ते क्रमाने बघायचं.

पहिलं काम सप्ताहाच्या छापील पत्रिका गोळा करण्याचं. किमान दहा वर्षांच्या तरी हव्यात. देवळातली पेटी, विणेकऱ्याचं घर, गाथेची पानं, छापखाना, सगळीकडे शोधा. एकाच वर्षाची पत्रिका काही सांगत नाही. बदल दोन पत्रिकांच्या मधे असतो. वहीत रकाने आखा: वर्ष, दिवसवार अन्नदाते, कीर्तनकार, मृदंगाचार्य, व्यासपीठ चालक, मंडप आणि साउंडचं सौजन्य, फोटो कोणाचे आणि केवढे. काल्याच्या, म्हणजे समाप्तीच्या दिवसाचं अन्नदान कोणाकडे, हे वेगळं लिहा. तो मान वर्षानुवर्षं एकाच घराकडे असेल आणि एका वर्षी सुटला असेल, तर त्याच वर्षाची चौकशी करा. आडनावावरून मात्र जात ठरवू नका. जाधव, पवार, मोरे अनेक जातींत आहेत. भावकी आणि वस्ती विचारूनच नोंद करा.

मग पट्टीची, म्हणजे गावाकडून गोळा होणाऱ्या वर्गणीची वही. पट्टी उंबऱ्यामागे (घरटी) आहे की एकरी, हा इथला सर्वात मोलाचा प्रश्न. समजा गावात ३०० उंबरे आणि १५०० एकर जमीन आहे, आणि दीड लाख उभे करायचे आहेत. उंबऱ्यामागे धरलं तर प्रत्येकी ५०० रुपये, मजुराला आणि बागायतदाराला सारखेच. एकरी धरलं तर १०० रुपये: वीस एकरवाला २,००० देतो, अर्ध्या एकराचा धनी ५०, भूमिहीन काहीच नाही. पण पट्टी न देणाऱ्याचा कमिटीत आवाज उरतो का, तेही बघा. पद्धत कधी बदलली आणि बैठकीत कोण बोललं, ते दोन-तीन वस्त्यांवर वेगवेगळं विचारा.

वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. दोन तासांचा पहारा धरला तर दिवसाला १२, आठवड्याला ८४ पहारे होतात. पहाऱ्यांची यादी उतरवून घ्या. रात्री दोन ते चारला कोण उभं राहतं? कीर्तनाच्या गर्दीत वीणा कोणाच्या गळ्यात असते? आणि रात्री दोनला उभा राहणारा माणूस हितसंबंधांच्या हिशेबात पुरा मावत नाही, हे विसरू नका. ‘का उभे राहता?’ असं विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा.

पंगतीबद्दल थेट विचारलं तर ‘आमच्याकडे जातपात नाही’ एवढंच ऐकू येतं. म्हणून प्रश्न सोडा आणि चुलवणापाशी थांबा. भाजी कोण चिरतं, कढईवर कोण, वाढप्याची बादली कोणाच्या हातात, पत्रावळ्या कोण उचलतं, बायका कोणत्या कामावर आहेत? चूलबंद आवतण (घरात चूल न पेटवता सगळ्या घराने जेवायला यायचं बोलावणं) कोणत्या वस्तीला गेलं आणि ते घेऊन कोण गेलं?

बौद्ध वस्ती मांडवात दिसली नाही, तर लगेच ‘वगळले’ असं लिहू नका. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावच्या देवकार्यातून बाहेर पडणं हा अनेक वस्त्यांनी स्वतः घेतलेला निर्णय आहे. बोलावणं येतं का, हे वस्तीवर जाऊनच विचारा. १४ एप्रिलच्या जयंतीला सप्ताह कमिटीतले कोण येतात, तेही नोंदवा.

आता एका लांब कागदावर वर्षं मांडा: कालव्याचं पाणी, साखर कारखाना, सरपंचपदाचं आरक्षण, भावकीतली फूट, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं. खाली सप्ताहाचे बदल लिहा. सप्ताह आधीचा आणि त्यात मिरवणारा निवडणुकीचा उमेदवार नंतरचा असेल, तर तो आयत्या मांडवात आला आहे. मांडव त्याने घातलेला नाही. शेजारी तेवढंच पाणी आलेलं पण सप्ताह नसलेलं एक गाव तुलनेला घ्याच, नाहीतर पाणी हेच कारण असं वाटत राहील. कधी कारण साधं असतं: गावचा मुलगा आळंदीला, १९१७ साली जोग महाराजांनी काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकून कीर्तनकार होऊन परतला.

भक्ती बदलाच्या बाजूने की विरुद्ध, हे आधीच ठरवून जाऊ नका. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं, ते विठ्ठलाचंच नाव घेत. आणि त्यांना विरोध करणारेही विठ्ठलाचेच होते. गाडगेबाबांनी कीर्तनातूनच कर्ज, दारू आणि बकरं कापण्यावर प्रहार केला. तुमच्या गावातला कीर्तनकार हुंड्यावर, दारूवर काय बोलतो, आणि आडवी बाटली करायला, म्हणजे मतदानाने दारूचं दुकान बंद पाडायला बायका निघाल्या तेव्हा कमिटी कुठे होती, हे लिहून ठेवा.

लेखातून घरांची नावं काढा. पट्टीची वही ज्यांच्याकडून आणली त्यांना काल्याच्या आधी परत द्या. हिशेब वाचायला ती त्यांना त्याच दिवशी लागते.